‘जॉनी बी. गुड’ : नेमकी कुठली प्रत घ्यायची आणि तिच्यात काय ऐकायचं

‘जॉनी बी. गुड’ घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, कुठलं? अमेरिकन रॉक अँड रोलचा गायक-गिटारवादक चक बेरी याने हे गाणं १९५८ साली शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलं. साठच्या दशकात तो मर्क्युरी कंपनीत गेला, तेव्हा आपली गाजलेली गाणी त्याने त्यांच्यासाठी पुन्हा गायली-वाजवली. १९६७ साली या नव्या ध्वनिमुद्रणांचा ‘गोल्डन हिट्स’ हा संग्रह निघाला. जाहीर कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणं तर ढिगाने आहेत. गायक तोच, गाण्याचं नाव तेच, कव्हरवर फोटोही त्याचाच. स्वस्तातल्या संकलनांत आणि ॲपवरच्या याद्यांत या सगळ्याची सरमिसळ चालते, आणि माणूस भलतंच गाणं ऐकून ‘यात एवढं काय आहे?’ म्हणत मोकळा होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. हेडफोन लावा. मूळ गाणं मोनो आहे : आवाज, गिटार, पियानो, ड्रम्स, सगळं डोक्याच्या मधोमध, एकमेकांत घुसलेलं. वाद्यं डावी-उजवीकडे ऐसपैस पसरलेली ऐकू आली तर तुमच्या हाती नंतरचं गाणं आहे. तिसरा प्रकार आणखी फसवा. साठ-सत्तरच्या दशकांत कंपन्या जुनी मोनो ध्वनिमुद्रणं घेऊन, खर्ज एका कानात आणि तार भाग दुसऱ्या कानात ढकलून खोटा स्टिरिओ बनवत. गाणं मूळचंच असतं, पण आवाज पोकळ होतो, टाकीत बसून गायल्यासारखा. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ किंवा ‘रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ’ असं काही छापलेलं दिसलं तर प्रत परत फडताळात ठेवा.

मोनोचा हा आग्रह हौशी संग्राहकांचं सोवळं म्हणून नाही. या गाण्याची सगळी गंमत वाद्यांच्या आपसातल्या घासाघाशीत आहे, आणि वाद्यं लांब लांब बसवली की ती निघून जाते. मर्क्युरीच्या प्रतीत वाजवणारे काही वाईट नाहीत. फक्त सगळे एकमेकांशी नीट सहमत आहेत, आणि तिथेच गाणं बसतं.

मूळ तबकडीचा क्रमांक चेस १६९१. ३१ मार्च १९५८ला बाजारात आली, मागच्या बाजूला ‘अराउंड अँड अराउंड’. अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसरा क्रमांक, पॉपच्या यादीत आठवा.

शब्द

गाण्याचा पहिला खर्डा १९५५चा, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दोन-अडीच वर्षं आधीचा. जॉनी हे नाव आलं जॉनी जॉन्सनवरून, हा बेरीचा पियानोवादक. ‘गुड’ आलं सेंट लुईसमधल्या गुड ॲव्हेन्यूवरून. बेरीचा जन्म तिथल्या २५२० क्रमांकाच्या घरातला. नाव मित्राचं असलं तरी गोष्ट बहुतांशी बेरीची स्वतःची. त्याने ती लुइझियानात, न्यू ऑर्लिन्सच्या आसपासच्या रानात नेऊन ठेवली, कारण गुलामांचा बाजार जिथे भरे त्या शहराशी त्याला आपल्या पूर्वजांचं नातं जोडायचं होतं.

एका शब्दाने गाण्याचं नशीब बदललं. पहिल्या कडव्यात आज आपण ‘कंट्री बॉय’ ऐकतो, खेड्यातला पोरगा. मूळ खर्ड्यात तिथे ‘कलर्ड बॉय’ होतं, काळा पोरगा. तसंच ठेवलं तर गोऱ्यांची रेडिओ केंद्रं हात लावणार नाहीत हा बेरीचा हिशेब होता, आणि १९५८ची अमेरिका पाहता तो बरोबर होता. बदलासाठी निवडलेला शब्दही पारखून घेतलेला आहे : मात्रा तेवढ्याच, सुरुवातीचा ‘क’ तोच, आघात त्याच जागी. चालीला धक्का लागला नाही आणि ज्याला कळायचं त्याला रानातल्या ओंडक्यांच्या झोपडीवरून कळलंच.

रचनेकडे नीट पाहावं. बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा खंड) ब्लूजमध्ये साधारणपणे तीन ओळी असतात, आणि दुसरी ओळ ही पहिलीचीच पुनरावृत्ती. गायकाला पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो, ऐकणाऱ्यालाही मुरायला वेळ मिळतो. बेरीने तेच बारा बार घेतले आणि त्यात सहा वेगवेगळ्या ओळी बसवल्या, प्रत्येकी दोन बारांची, यमकाच्या तीन जोड्या. पुनरावृत्ती नाही, दम घ्यायला जागा नाही. गाव, रान, झोपडी, पोरगा, त्याचं अक्षरशत्रू असणं आणि त्याची गिटार, एवढं सगळं पहिल्या आवर्तनात सांगून होतं. शाहिराने पोवाड्याच्या पहिल्याच चौकात नायक उभा करावा तसं.

लगेच पुढचे बारा बार ध्रुवपदाचे, आणि तिथे जवळजवळ काहीच शब्द नाहीत. एकच क्रियापद, ‘गो’, आणि नाव. हा रिकामेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. कडव्यात शब्दांची दाटी असल्याने गिटारला तोंड उघडायला फट मिळत नाही. ध्रुवपदात प्रत्येक हाकेनंतर जागा सुटते आणि तिथे गिटार उत्तर देते. लिहितानाच वादनाची सोय करून ठेवलेली आहे. पुढे ज्यांनी ज्यांनी या जागांत कोरस भरला त्यांनी घरचा दरवाजा विटांनी बुजवला.

दुसऱ्या कडव्यात पोरगा गिटार गोणपाटात घालून रुळांजवळच्या झाडाखाली बसतो आणि ‘ड्रायव्हर्स’च्या ठेक्यावर वाजवतो. भाषांतर करणारे इथे हमखास घसरतात. हे ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारी माणसं नव्हेत, वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं. रेल्वेतले लोक त्यांना तसंच म्हणत. चाकांचा तो एकसारखा खटखटाट पुढे रिदम गिटारमध्ये ऐकू येतो, त्यामुळे हा शब्द चुकला की गाण्याचा ठेकाच अर्थाबाहेर पडतो.

तिसरं कडवं सगळं भविष्यकाळातलं. आई म्हणते, एक दिवस तू मोठा होशील, बँडचा म्होरक्या होशील, तुझं नाव दिव्यांत झळकेल. गाणं इथेच संपतं. जॉनी मोठा झाला की नाही हे शब्दांत कुठेच सांगितलेलं नाही. ती बाजू गिटारने आधीच मांडून झालेली आहे. (१९६०मध्ये बेरीने ‘बाय बाय जॉनी’ लिहून पोराला आईकडून हॉलिवूडच्या बसमध्ये बसवलं. गाणं बरं आहे, गरज नव्हती.)

स्टुडिओ

वाजवणारे चौघे : बेरी गिटार आणि गायन, लाफायेट लीक पियानो, विली डिक्सन डबल बेस, फ्रेड बिलो ड्रम्स. निर्माते लिओनार्ड आणि फिल चेस हे भाऊ. ज्याच्या नावावर गाणं आहे तो जॉनी जॉन्सन या ध्वनिमुद्रणात नाही. पुढे २००० साली जॉन्सनने बेरीवर दावा लावला, की पुष्कळ गाण्यांच्या रचनेत आपला वाटा आहे. फार वर्षं उलटून गेली या कारणाने २००२मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला. जॉन्सनची छाप मात्र या गाण्यात एका जागी पक्की दिसते : पट्टीत. गाणं बी फ्लॅटमध्ये आहे, पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाच. गिटारवाला आपण होऊन ही पट्टी निवडत नाही, त्याला पांढरी तीन किंवा पांढरी सहा सोयीची, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. काळी पाच ही पियानो आणि फुंकवाद्यांची पट्टी. बेरी त्यांच्या घरात जाऊन राहिला, आणि मोकळ्या तारांचा आधार सुटल्यामुळे त्याच्या हाताला ते घट्ट, दाबलेलं वळण लागलं.

सुरुवातीचा प्रसिद्ध तुकडा मूळचा बेरीचा नाही. गायक-सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनच्या १९४६च्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’मध्ये गिटारवादक कार्ल हॉगनने तो वाजवलेला आहे, दोन्ही लागोपाठ ऐकले तर शंका उरत नाही. मधल्या सोलोत ब्लूज गिटारवादक टी-बोन वॉकरची वळणं आहेत. बेरीने हे ऋण कधी लपवलं नाही. त्याने केलेला बदल लहान पण नेमका आहे. हॉगनकडे एकेका सुराने चालणारी ओळ बेरीने दोन-दोन तारा एकदम छेडून जाड केली. डान्सच्या गाण्याला नुसता काठ असावा तसा जो तुकडा होता, तो आता दार ठोठावायला लागला.

आता मुख्य गोष्ट, ठेका. फ्रेड बिलो जॅझमधून आलेला ढोलकवाला. तो या गाण्यात डोलतो : मात्रेचे तीन भाग पाडून पहिला आणि तिसरा वाजवायचा, आपल्याकडे ज्याला तिश्र वळण म्हणतील ते. बेरीची गिटार मात्र मात्रेचे सरळ दोन समान भाग करून रेटत जाते. एकाच मात्रेत तिश्र आणि चतुश्र शेजारी शेजारी. कागदावर ही चूक आहे. कानाला ती पुढे ढकलल्यासारखी लागते : ड्रम्स झोका घेतायत आणि गिटार त्या झोक्याला थांबायला तयार नाही. पुढच्या दहा वर्षांत ढोलकवाल्यांनी गिटारचं ऐकून सरळ वाजवायला सुरुवात केली आणि त्याला रॉक म्हणू लागले. म्हणून नंतरच्या प्रती ‘नीट’ वाटतात. या तबकडीत तो निर्णय व्हायचा आहे, भांडण चालू आहे.

डिक्सनचा बेस भांडणात पडत नाही, मात्रेमात्रेला पाऊल टाकत खालून चालत राहतो. लीक वरच्या सप्तकात सतत काहीतरी शिंपडत असतो. पहिल्यांदा ऐकताना त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण तो काढला तर गाणं अर्धं रिकामं होईल. ध्रुवपदात उत्तर देणारी गिटार आणि त्याच वेळी खाली चालणारी कॉर्डची गिटार एका हाताने निघणारी नाही. एक थर नंतर चढवलेला आहे. मोनोच्या जमान्यात हे काम धोक्याचं होतं. पहिली टेप वाजवत तिच्यावर नवीन वादन घालून दुसऱ्या टेपवर सगळं एकत्र उतरवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि एकदा उतरवलं की कुठल्या वाद्याचा आवाज किती हे नंतर बदलता येत नाही. प्रत्येक उतरवणीला टेपची खरखरही वाढते. या तबकडीचा जो किंचित भाजलेला पोत आहे त्यात या उतरवणीचाही हात आहे.

एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. सुरुवात एक आवर्तन, तीन कडवी, तीन ध्रुवपदं, सोलोची दोन आवर्तनं, एकूण नऊ. प्रत्येकी बारा बार, म्हणजे १०८, जपमाळेच्या मण्यांइतके. प्रत्येक बारात चार मात्रा धरल्या तर ४३२. मिनिटाला साधारण १६८ मात्रांच्या लयीत त्याला २ मिनिटं ३४ सेकंद लागतात. उठाव आणि शेवटची कॉर्ड विरेपर्यंतचा वेळ धरून २ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास. फुकट गेलेला एक बार नाही.

वाजवायचं असेल तर

गाणं अवघड नाही, पण सोपं समजून वाजवणाऱ्यांची फजिती ठरलेली.

आधी कॉर्ड. मूळ तबकडीत पहिले चार बार बी फ्लॅट, मग दोन ई फ्लॅट, दोन बी फ्लॅट, दोन एफ, शेवटचे दोन बी फ्लॅट. घोळ होतो दहाव्या बारला. पुष्कळ बँड तिथे एफवरून ई फ्लॅटवर उतरतात, कारण हाताला सवयीचं ब्लूज तसं असतं. बेरी उतरत नाही, दोन्ही बार एफवर ठाण मांडतो. बेसवाला एक वाजवतोय आणि गिटारवाला दुसरं, असं ऐकू आलं तर दहावा बार तपासा.

रिदमसाठी सहाव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर पहिलं बोट, पाचव्या तारेच्या आठव्यावर तिसरं, आणि एक आड एक त्याच तारेच्या दहाव्यावर करंगळी. सहापासून दहापर्यंतचा हा ताण नवख्या हाताला पाच मिनिटांत जड होतो. बेरीचे पंजे मोठे होते हे खरं, पण त्याच्या हातातली गिब्सन ई. एस. ३५० टी. ही आखूड मापाची गिटार होती हे लोक विसरतात. तिच्या तारेची बोलती लांबी २३.५ इंच, फेंडरची सर्वसाधारण गिटार २५.५ इंचांची. दोन इंचांच्या फरकाने प्रत्येक फ्रेट जवळ येतो. लांब मापाच्या गिटारवर मनगट दुखायला लागलं तर हट्ट करू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि ए, डी, ई या मोकळ्या जागांवरून वाजवा. पट्टी काळी पाचच राहते. मोकळ्या तारा घुमतात, त्यासाठी उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवून ठेवा. पट्टी उतरवून पांढरी सहाला वाजवण्याचा मोह टाळलेला बरा. बेरीचा आवाज तिथे नसतोच, शिवाय रेकॉर्डबरोबर सराव करता येत नाही.

उजव्या हाताने सगळे फटके खालीच. १६८च्या लयीत मात्रेला दोन म्हणजे सेकंदाला साडेपाचाहून जास्त. वर-खाली वाजवलं तर वेग सहज येतो, पण वरचा फटका हलका पडतो आणि आपोआप झोका येतो. गिटार ड्रम्सच्या बाजूला जाऊन बसते, भांडण मिटतं. मेट्रोनोम १००वर लावून सुरुवात करा, हात सैल राहील एवढ्याच वेगाने पुढे जा. कोपरापासून ताठ होऊन १६८ गाठलेला वादक दुसऱ्या ध्रुवपदापर्यंत टिकत नाही.

सुरुवातीचा तुकडा सगळा सहाव्या फ्रेटच्या भोवती आहे. बी फ्लॅटला सा मानलं तर तिसऱ्या तारेवर सहाव्यावरून सातव्यावर चटकन जाणं म्हणजे कोमल गंधारावरून शुद्ध गंधाराला स्पर्श. दुसऱ्या आणि पहिल्या तारेचा सहावा फ्रेट एकाच बोटाने दाबला की पंचम आणि वरचा षड्ज एकदम मिळतात. तिसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा मध्यम पंचमाकडे ओढायचा आणि शेजारच्या दुसऱ्या तारेवर खरा पंचम वाजवायचा. हे ओढणं सतारीच्या मींडेसारखं आळवत नेऊ नका. त्या काळी गिटारची तिसरी तार बहुतेक वेळा गुंडाळलेली, जाड असे. ती फार वर जात नसे. आजच्या ०९च्या (सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची) सेटवर तीच तार लोण्यासारखी सरकते, वादक ती पंचमाच्याही पुढे नेतो आणि तुकडा रडका होतो. दहाचा किंवा अकराचा सेट लावला तर निम्मं काम झालं.

ॲम्प्लिफायरवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणं, अगदी थोडं. दोन तारा एकदम वाजतात तेव्हा जास्त डिस्टॉर्शनमध्ये त्या दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरे-चौथे सूर तयार होतात आणि सगळ्याचा चिखल होतो. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर किंचित फाटेल, एवढ्यावर आवाज ठेवा.

ढोलकवाल्याला ‘सरळ रॉक वाजव’ असं सांगू नका. त्याला राइड झांजेवर डोलू द्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर, आणि गिटारने त्याच्याकडे बघायचं नाही. पहिल्या सरावात हे सगळ्यांना चुकल्यासारखं वाटेल. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका.

कुठली प्रत

एकच घ्यायची असेल तर १९८२चा ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’. अठ्ठावीस गाणी, सगळी चेसची मूळ, आणि बेरी समजून घ्यायला त्याहून जास्त काही लागत नाही. त्या काळाची चव हवी असेल तर १९५९चा ‘चक बेरी इज ऑन टॉप’. त्यात या तबकडीच्या दोन्ही बाजू आहेत, शिवाय ‘मेबलीन’, ‘कॅरल’, ‘लिटल क्वीनी’. पन्नासच्या दशकातलं समग्र चेस ध्वनिमुद्रण चार सीडींच्या संचात निघालेलं आहे. तो अभ्यासूंसाठी, एकाच गाण्याचे वेगवेगळे टेक शेजारी ऐकायला मिळतात, पण रविवारी सकाळी लावायला नव्हे.

‘अराउंड अँड अराउंड’ ही मागची बाजू दुय्यम समजून सोडू नका. १९६४मध्ये रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश बँड शिकागोला चेसच्या स्टुडिओत आला तेव्हा त्यांनी हीच बाजू निवडली, आणि त्याच खेपेला वाजवलेल्या एका धुनेला स्टुडिओचा पत्ताच नाव म्हणून दिला, २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू. ती इमारत उभी आहे. आता तिथे विली डिक्सनच्या नावाची ब्लूज हेवन फाउंडेशन आहे. शिकागोत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी तळ्याकाठी फोटो काढण्याच्या वेळातून इथल्यासाठी तासभर काढावा.

एक प्रत मात्र कुणालाच विकत मिळणार नाही. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर बारा इंची, तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. तिच्यावर संगीताचे सत्तावीस तुकडे, त्यात ‘जॉनी बी. गुड’ आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही आहे. निवड चालू असताना लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी रॉक म्हणजे पोरकटपणा असा आक्षेप घेतल्याचं सांगतात. त्यावर ही निवड करणारे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं उत्तर होतं की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावून बघण्यासारखी आहेत. बाईंची साडेतीन मिनिटं, बेरीची त्याहून कमी. जयपूर घराण्याची पेचदार तान आणि बेरीचा सोलो यांत साम्य शोधायला गेलात तर हसं होईल. पण तबकडीची बाजू संपण्याआधी सगळं मांडून मोकळं व्हायचं, हे गणित दोघांनाही पक्कं अवगत आहे.

तबकडी लावताना

मूळ फोर्टी-फाइव्ह (मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी) हाती लागलीच तर मधलं भोक दीड इंची असतं, त्यासाठी अडॅप्टर लागेल. तो मधोमध बसला नाही तर आवाज दर फेरीला वर-खाली झुलतो आणि पियानोवर ते लगेच कळतं. सुई गोल टोकाची, १ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे २५ मायक्रॉनची; त्या काळच्या मोनो खाचा तेवढ्या रुंद आहेत आणि अरुंद सुई तळाशी जाऊन कचरा वाजवते. मोनो कार्ट्रिज असेल तर उत्तम, नसेल तर ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा. गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत आहे, उभ्या हालचालीत फक्त धूळ आणि घरघर. मोनो केलं की ती घरघर आपोआप कटते. याच क्रमांकाची ७८ फेऱ्यांची प्रतही निघाली होती. तिला ३ मिलची सुई लागते आणि ती लाखेची असेल तर अल्कोहोलने पुसायची नाही, लाख विरघळते. साधं पाणी, मऊ फडकं, लेबल कोरडं.

वेग तपासायला अमेरिकेतून आलेली स्ट्रोब चकती (टर्नटेबलवर ठेवायची रेघांची चकती; वेग बरोबर असला की दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) आपल्या वीजपुरवठ्यावर उपयोगाची नाही. ती ६० हर्ट्झची असते, आपली वीज ५०ची. तिच्यावरच्या १६० रेघा स्थिर दिसल्या तर टर्नटेबल ४५वर नसून साडेसदतीसवर फिरत असेल. ५० हर्ट्झसाठी ४५च्या वेगाला १३३ रेघांची चकती हवी, आणि दिवा जुना पिवळा, कारण पुष्कळ एलईडी दिवे तसे लुकलुकत नाहीत. चकती नसेल तर पेटी काढा आणि काळी पाच धरून ठेवा. गाणं तिच्याशी जुळलं तर वेग ठीक. ते पांढरी सहाला जुळत असेल तर अर्धा स्वर उतरलंय, म्हणजे तबकडी मिनिटाला साडेबेचाळीसच फेऱ्या घेतेय. वेग जुळवायचा स्क्रू आधी फिरवून बघा, तेवढ्याने भागलं नाही तर रबरी पट्टा सैल झालाय, बदला.